मानेच्या वरचं काम

"जरा रागाव बरं."

मी दारात चप्पल काढेपर्यंत काकूंनी माझी हनुवटी दोन बोटांत धरलेली असायची. बोटांना शिवणाच्या खडूची पांढरी पूड. मग माझं तोंड खिडकीकडे वळवायचं, थोडं खाली दाबायचं, आणि दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करून पाहायचं. मी दिवसभर नोकरी करून आलेली असे. रागावण्यासाठी मला वेगळं काही करावं लागेल असं मला वाटत नसे.

"असं नाई वो. हे थकल्याचं आहे. रागाचं दाखव."

मी रागाचं दाखवायची. त्या पेन्सिल चालवायच्या. झालं की म्हणायच्या, "हं, आता बस. चहा घेतं का?"

वर्ध्याहून सावंगीकडे जाणाऱ्या रस्त्याला आतल्या गल्लीत त्यांचं घर. वरची खोली मी भाड्याने घेतली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील समुद्रपूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात, आई सहीच्या जागी अंगठा लावते. मी भूगोल घेऊन एम.ए. केलं आणि एका हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर नोकरीला लागले. हे मी कोणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तरी सांगते. काकूंनाही पहिल्याच दिवशी सांगितलं.

"भूगोल म्हणजे ते पृथ्वी गोल आहे ते ना?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, पण त्याच्या पुढेही बरंच आहे.

"असन," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्याचं माप नजरेनंच घेतलं.

काकू ब्लाऊज शिवायच्या. सगळं आयुष्य बायकांच्या मानेच्या खाली गेलेलं. बाजारात एखादी गिऱ्हाईक समोरून हसत आली तर त्यांना ओळख पटत नसे. ती पुढे जाऊन पाठमोरी झाली की म्हणायच्या, "अवं माय, हे तर ते डावा खांदा उतरलेली! काय म्हणत असन आता मले." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. डॉक्टरला तुमचं पोट आठवतं, चांभाराला तुमची टाच. नाव विचारावं लागतं.

मशीनच्या मागे भिंतीला एक खिळा होता आणि त्याला फर्मे टांगलेले होते. फर्मा म्हणजे जाड कागदातून कापलेला साचा. पाठीचा वेगळा, पुढच्या भागाचा वेगळा, बाहीचा वेगळा. तो कापडावर ठेवायचा आणि भोवती खडू फिरवायचा. कोणत्याही शिंपिणीकडे असतात. काकूंच्या फर्म्यांना डोळे होते.

एका बाहीवर भला मोठा डोळा, त्यात दोन पांढरे ठिपके. पाठीच्या तुकड्यावर अर्धं तोंड आणि वाऱ्यावर उडणारे निळे केस. गळ्याचा गोल कापलेला, तिथे कोणाची तरी हनुवटी गेलेली. मी विचारलं, हे काय?

"आमच्या स्नेहलचे चित्रं आहे," काकू म्हणाल्या. मशीन थांबवली नाही. "मीच कापले."

स्नेहल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. वर्ध्यालाच बीसीए केलं. मोबाईलवर जपानी कार्टून पाहायची आणि जाड कार्डशीटवर तसली चित्रं काढायची. "कार्टून नाही, अॅनिमे," असं आईला रोज सांगायची. आई रोज कार्टूनच म्हणायची. चित्रांचा गठ्ठा पलंगाखाली असायचा. लग्नसराईत काकूंचे जुने फर्मे फाटले, जाड कागद घरात दुसरा नव्हता, आणि त्यांनी गठ्ठा ओढला.

"पण चित्रं दिसली नाहीत तुम्हाला?"

"उलटे होते ना वो."

आता हे समजून घ्या. शिंपी कापड नेहमी उलटं टाकतो. खुणा करायच्या त्या मागच्या बाजूने, म्हणजे वर खडूचा डाग येत नाही. अख्खी हयात ज्या बाईने प्रत्येक गोष्ट उलटी टाकूनच कापली, तिने कागदाची सुलटी बाजू पाहायचं काही कारणच नव्हतं. मागून कोरे दिसले. कात्री लावली. कापून झाल्यावर खिळ्याला टांगताना पहिल्यांदा डोळे दिसले.

स्नेहल कॉलेजातून आली, खिळ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलली नाही. पुढे पुण्याला नोकरी लागली, निघून गेली. तेव्हापासून तिचा फोन फक्त काकांना.

"शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी फोन येई. काका तहसीलमधून रिटायर झालेले. ते ओट्यावर खुर्ची टाकून बोलत. आत मशीन बंद होई. काका सगळं मोठ्याने परत म्हणत, "हाव, पाऊस झाला. हाव, गोळी घेतली." मग थोडं थांबून, "आईले देऊ का?" आणि मग, "बरं, ठेव." मशीन पुन्हा सुरू. मी वरच्या खोलीतून ऐकत असे. ऐकायचं नाही असं ठरवूनही ऐकू येई. घर लहान होतं.

काकूंनी चित्रं काढायला सुरुवात केली ती त्यानंतर. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिले वाटते मले त्यातलं काही समजत नाई. खरंच नाई समजत. म्हणून पाहतो करून."

पहिलं चित्र त्यांनी ब्लाऊजसारखंच काढलं. कागदाची उभी घडी घातली, घडीवर एका योद्ध्याचा अर्धा चेहरा बेतला, टोचून खुणा पलीकडे उतरवल्या आणि घडी उघडली. दोन डोळे, दोन कान, दोन्हीकडे सारखे टोकदार केस. डावी बाजू उजव्या बाजूला तंतोतंत बसत होती. मी म्हटलं, छान आहे. खोटं बोलले नाही. शिवायला दिलं असतं तर छानच बसलं असतं.

काकांच्या व्हॉट्सअॅपवरून त्याचा फोटो पुण्याला गेला.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "हे कोणी काढलं?"

काकांनी एका बोटाने टाइप केलं, "तुझ्या आईने."

मग काहीच नाही. काकू कुकरच्या शिट्या मोजायच्या विसरल्या आणि वरण लागलं. दुपारी आणखी एक ओळ आली. "पासपोर्ट फोटो वाटतोय. मान वळव."

काकांनी वाचून दाखवलं. काकूंनी फोन स्वतःच्या हातात घेतला, चष्मा लावला, पुन्हा वाचलं.

"बोलली," त्या म्हणाल्या, आणि कोणी मागितला नसताना सगळ्यांसाठी चहा ठेवला.

आता मान वळवायची म्हणजे काय करायचं? काकूंनी आपल्या परीने उत्तर काढलं. पलीकडचा गाल कमी दिसला पाहिजे ना? मग त्या गालाला टक्स घातला. कमरेला कापड आत घेतात तसा गाल दोन्हीकडून आत घेतला. चित्रातल्या योद्ध्याची दाढ किडलेली दिसू लागली. पुण्याहून उत्तर आलं, "याला डेंटिस्टकडे न्या."

"डेंटिस्टकडे न्या म्हणते," काकू मला म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

इथे मी मध्ये पडले. मी त्यांना सांगितलं की काकू, डोकं म्हणजे कापड नाही, डोकं गोल आहे. फ्रीजवरच्या टोपलीतलं एक संत्रं घेतलं. त्याच्या मधून पेनने आडवी रेघ मारली, हे विषुववृत्त, यावर डोळे. उभी रेघ मारली, हे रेखावृत्त, यावर नाक. स्वेटरच्या सुईवर ते संत्रं टोचलं आणि फिरवलं. उजवीकडे वळवलं की उभी रेघ उजवीकडे सरकून वाकते, पलीकडचा डोळा अरुंद होतो. खाली झुकवलं की आडवी रेघ खाली झोळ घेते, टाळू जास्त दिसते आणि कान डोळ्यांच्या वर जातात. वर केलं की उलट.

काकू बराच वेळ संत्रं फिरवत बसल्या.

"हे तुले कॉलेजात शिकवलं?"

"हो," मी म्हटलं. चेहऱ्याचं नव्हतं शिकवलं, पृथ्वीचं शिकवलं होतं. पण मी हो म्हटलं, आणि अजूनही म्हणेन.

त्या हिवाळ्यात घरातल्या प्रत्येक संत्र्याला तोंड होतं. रडणारं, चकित झालेलं, दात खाणारं. काका जेवणानंतर टोपलीतून एक उचलत आणि सोलण्याआधी नीट पाहत. एकदा म्हणाले, "कालचं घाबरलेलं भल्लं गोड निघालं. हसणारे आंबट आहे."

संत्र्यावर हात बसला तशी माणसांची पाळी आली. माप द्यायला आलेल्या बाईचं माप नंतर, आधी हनुवटी. "वर पाह्य. एवढं नाई. थोडं कलव. आता समज, नवऱ्यानं सांगितलं का पाहुणे येऊन राह्यले जेवाले." बायकांना ते बरोबर जमायचं.

एक बाई होती, रेल्वे कॉलनीकडची. तिचं ब्लाऊज दंडात घट्ट झालं होतं आणि त्याच दिवशी तिला नातेवाइकांच्या साखरपुड्याला जायचं होतं. ती आली तीच पेटलेली. "काय शिवून ठेवलं काकू? हात वर होत नाई माह्या! तिथं काय हात बांधून बसू का?" असं बरंच. मी जिन्यात उभी होते. काकूंनी पेन्सिल उचलली.

"तसंच राह्य," त्या म्हणाल्या. "हालू नको. बोल तू, बोलत राह्य. फक्त मान तशीच ठेव."

बाई बोलत राहिली, पण हळूहळू तिचा आवाज उतरला, कारण समोरचं माणूस आपल्याकडे इतकं लक्ष देऊन पाहतंय असं तिच्या बाबतीत बऱ्याच दिवसांत झालं नसावं. शेवटी म्हणाली, "काय काढून राह्यल्या?" काकूंनी कागद फिरवून दाखवला. मान खाली, भिवया नाकापाशी मिळालेल्या, त्याखालून वर रोखलेले डोळे, केस आगीसारखे उभे, आणि पाठीला तलवार.

"हे मी?"

"हाव."

बाई चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मले देता का हे?" काकूंनी तिथेच बसवून दंड उसवून दिला. ती चित्र घेऊन साखरपुड्याला गेली.

संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "तोंडात राग नसते वो. तोंड एवढंसं ठेवलं तरी चालते. राग भिवयीत असते. आन् मान खाली, डोळे वर, हे रागाचं. पण मान खाली, डोळे पण खाली आन् बाजूले, हे रुसल्याचं. दोन्हीत लोकाईची गडबड होते."

मी त्यांना रोज खिडकीवरचे चेहरे सांगत असे. नोंदणीच्या खिडकीला काच आहे आणि बोलायला खाली छोटं भोक. माणसं वाकतात, मान तिरपी करून त्या भोकाशी तोंड आणतात आणि डोळे माझ्याकडे वर ठेवतात. घाबरलेला माणूस कसा वाकतो, घाई असलेला कसा, सोबत कोणी नसलेला कसा, हे मी जिन्यापाशी उभी राहून करून दाखवायची. एम.ए. झाल्यावर हे करावं लागेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण मी चांगलं करायची.

चित्रं पुण्याला जात राहिली आणि पुण्याहून एकेक ओळ येत राहिली. "पलीकडचा डोळा फार मोठा." "मान खांद्यात गेलीय." "हसतोय पण डोळे हसत नाहीत." नमस्कार नाही, कशी आहेस नाही. फक्त चूक. काकू ती ओळ वाचून घेत आणि बसत. दुसऱ्या चित्रात ती चूक नसे.

असं करता करता एका रविवारी उत्तर आलं, "बरोबर आहे."

मी म्हटलं, "काकू, पास झालात!" मला पास होण्याचं महत्त्व ठाऊक आहे. मी त्या दिवशी पेढे आणणार होते.

पुढच्या चित्राला नुसता अंगठा आला. त्याच्या पुढच्यालाही अंगठा. मग नुसत्या दोन निळ्या खुणा.

"पास झालं म्हणजे शाळा सुटते ना वो," काकू म्हणाल्या. पेढे आणायचे राहिले.

काही दिवसांनी मी खाली आले तर कागदावर एक मुलगी होती. मान खाली घातलेली, छान उतरलेली. पण कान पार जबड्यापाशी लोंबत होता.

"काकू, मान खाली असली की कान वर जातो. संत्रं विसरलात का?"

"नाई विसरली."

"मग नीट करा की."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिले दिसू दे."

आणि दिसलं. "कान!!" असं आलं. दोन उद्गारचिन्हं होती, काकूंनी मला दाखवली. पुढच्या वेळी पलीकडची भिवयी जाड. तिच्या पुढच्या वेळी एका हाताला बोट जास्त. काकू चुका अशा बेतायच्या जशी एखादी बाई पाहुण्यासाठी भाजी बेतते. फार सोपी नको, सापडणार नाही अशीही नको. मला हे पटत नव्हतं, मी तसं सांगितलंही. शिकायचं आणि मुद्दाम नापास व्हायचं, हे आमच्या घरी कोणाला परवडलं नसतं. त्या म्हणाल्या, "तुझी माय तुझ्याशी बोलते ना?" मी वर निघून गेले.

स्नेहल काही भोळी नव्हती. एका संध्याकाळी काकांचा फोन वाजला आणि ते चष्मा शोधत आत आले. त्यांनी वाचलं नाही, फोनच काकूंच्या हातात दिला. लिहिलं होतं, "आई, मुद्दाम चुकून राह्यली का?"

काकूंनी बोट स्क्रीनवर ठेवलं, पहिल्या शब्दावर, आणि मग उचललं. काका टीव्हीचा आवाज कमी करायला गेले. टीव्ही लागलेला नव्हता.

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, माफी मागा. सरळ लिहा, चुकले म्हणून.

"लिहून नाई होत," त्या म्हणाल्या. "काढून पाठवतो."

पण माफीचा चेहरा कसा असतो? हे त्यांनी कधी काढलं नव्हतं. त्यांनी काकांना समोर बसवलं. "माफी मागून दाखवा."

"कोणाची?"

"कोणाची पण."

काकांनी प्रयत्न केला. पोट दुखत असल्यासारखं दिसलं. "मी कधी मागतली नाई, मले काय मालूम," ते म्हणाले. मग मी बसले. मी नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखी दिसत होते, असं काकूंचं मत पडलं. शेजारच्या वहिनींनी हात जोडले आणि कॅलेंडरवरच्या देवीसारखं तोंड केलं. काकूंनी सगळ्यांना घरी पाठवलं आणि कपाटाचा आरसा असलेलं दार उघडून त्याच्यासमोर पाटावर बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं ते चित्र. वरून पाहिल्यासारखं होतं. मशीनवर वाकलेली एक बाई. त्या कोनातून डोळे दिसतच नाहीत. नुसता भांग, कानाची वरची कड, नाकाचं टोक, आणि मान, जितकी झुकते तितकी झुकलेली. त्या बाईचे केस जपानी नव्हते, आमच्या गल्लीतले होते. सगळे हावभाव ज्यात असतात ते डोळे आणि भिवया त्यांनी काढल्याच नव्हत्या. तरी काय म्हणायचं आहे ते मला पहिल्या नजरेत कळलं, आणि मी काही चित्रातली जाणकार नाही.

चित्र गेलं. निळ्या खुणा आल्या. दिवस गेला, काहीच आलं नाही. दुसराही गेला. काकू शिवत होत्या. मी हनुवटी पुढे केली तरी धरली नाही.

मग एका दुपारी मी सुट्टीवर होते, खाली हूक लावायला मदत करत होते, आणि काकूंचा स्वतःचा फोन वाजला. त्यावर फक्त गिऱ्हाइकांचे फोन यायचे. त्यांच्या हातात सुई होती, त्यांनी कोपराने स्पीकर लावला आणि नाव न पाहता म्हटलं, "उद्या या, हूक लावाचे राह्यले."

"आई, मी आहो."

सुई थांबली.

"जेवली का?" काकू म्हणाल्या.

"हाव." मग, "ते फर्मे आहे का अजून?"

मी डोळ्यांनी खुणावत होते, नाही म्हणा, फेकले म्हणा. काकूंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"आहे."

"त्याच्यावरच शिवतं अजून?"

"हाव," काकू म्हणाल्या. "बाही भल्ली बरोबर बसते त्याईची."

पलीकडून एक आवाज आला. हसल्याचा होता की रडल्याचा, ते मला सांगता येणार नाही. फोनवर चेहरा दिसत नाही आणि मान कुठे वळली तेही कळत नाही. काकूंना कळलं असावं. त्यांनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली, स्पीकर बंद केला आणि फोन कानाला धरून आतल्या खोलीत गेल्या. हूक मी लावले. थोडे वाकडे लागले.

पुढच्या महिन्यात काकू पुण्याला गेल्या. थोडे दिवस म्हणून गेल्या होत्या. त्यांना गाडीत बसवायला आम्ही वर्ध्याच्या स्टेशनवर गेलो, तर त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. समोरच्या बाकावरची बाई झोपेत मान टाकून बसली होती, तिच्याकडे पाहत होत्या.

अजून आल्या नाहीत. खाली मशीनवर चादर घातलेली आहे. काका सकाळी स्वतःपुरती खिचडी लावतात आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. गिऱ्हाइकं येतात, कापडाची पिशवी घेऊन फाटकाशी उभी राहतात. काल ती रेल्वे कॉलनीकडची बाई आली होती.

"काकू कधी येते वो?"

"काही सांगता येत नाई," काका म्हणाले. "तिकडं पोट्टी तिच्या चुका काढून राह्यली. समोर बसवून."

"अजून झाल्या नाई का काढून?"

"भल्ल्या आहे," काका म्हणाले. "वेळ लागन."

बाईने मान हलवली, पिशवी काखेत धरली आणि गेली.